विसावा भाग आणि बाकीचे एकोणीस

जय भीम.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तुम्ही ३२ वर्षांच्या आहात, जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी भीमनगरात वाढलात, घराण्यातल्या पहिल्या अभियंता आहात आणि गेली नऊ वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करता. वाकडला सदनिका घेण्याचे ठरले आहे. गावाकडून आजारपण, लग्न, फी आणि जयंतीची वर्गणी यांसाठी सतत फोन येतात. हात आखडता घेतला की ‘आता बामणीण झालीस’ असे मावशीसकट अनेकांकडून ऐकावे लागते. दुसरीकडे, सध्याच्या भाड्याच्या घरात मालक येणार असले की बाबासाहेबांची तसबीर दिवाणखान्यातून आतल्या खोलीत जाते, आणि त्याची लाज तुमची तुम्हालाच वाटते. तुम्ही विचारता की वस्ती सोडणे, मर्यादेपलीकडे पैसे न देणे आणि जात न सांगणे ही समाजाशी गद्दारी आहे का.

मी २२ वर्षे मागासवर्गीय मुलांच्या एका वसतिगृहाचा गृहपाल होतो, आणि निवृत्तीनंतरही नोकरीला लागलेली मुले सल्ल्यासाठी येत असतात. हा प्रश्न मला बहुधा नोकरी लागल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी विचारला जातो. पहिला पगार घरी पाठवण्याचा आनंद तोवर ओसरलेला असतो आणि स्वतःच्या संसाराचा हिशोब सुरू झालेला असतो.

वस्ती सोडण्याचा मुद्दा सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी संपवतो. बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत सुमारे वीस वर्षे राहिले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेला माणूस त्या दोन खोल्यांत कुटुंबासह राहत होता आणि घर निजल्यावर वाचत बसत होता. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले आणि ते तिथे राहायला गेले. पुस्तकांना जागा हवी होती, कामाला शांतता हवी होती. हिंदू कॉलनी ही त्या काळी कोणाची वसाहत होती हे वेगळे सांगायला नको. चाळ सोडली म्हणून त्यांनी माणसे सोडली असे कोणी म्हटले नाही, कारण माणसे राजगृहाच्या दारापर्यंत येत राहिली आणि दार उघडत राहिले. तुमच्या वाकडच्या घराविषयी मला एवढेच विचारायचे आहे की गावाकडचा कोणी परीक्षेसाठी पुण्यात आला तर त्याला तुमचा पत्ता माहीत असेल का, आणि दाराची घंटा वाजवताना तो बिचकेल का. घर कुठे आहे यावरून मी काही ठरवणार नाही.

गद्दारीचा आरोप मात्र इतका सहज झटकून टाकता येत नाही. त्यामागे इतिहास आहे आणि तो खोटा नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापूरला वसतिगृह काढले. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी केंद्र सरकारकडून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मिळवल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय असा तो क्रम आहे. या साऱ्यामागे एक अपेक्षा होती. जो शिकून वर जाईल तो खाली राहिलेल्यांना हात देईल. आग्र्याच्या १८ मार्च १९५६ च्या सभेतले, शिकलेल्या लोकांनी मला धोका दिला, अशा आशयाचे त्यांचे उद्गार चळवळीत आजही प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतात. ‘दलित ब्राह्मण’ हा शब्द आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांसाठी घडवला. साहेब झाल्यावर जयंतीच्या मिरवणुकीकडे पाठ फिरवणारे, वडिलांची ओळख ‘गावाकडचे एक गृहस्थ’ अशी करून देणारे लोक मीही पाहिले आहेत. तेव्हा तुम्हाला बोलणारी मावशी हवेतले बोलत नाही.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलेले नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात हाच वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिथले थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, आणि ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर पाठवले होते. याच ड्यू बॉइस यांनी १९०३ साली असे मांडले की समाजातल्या गुणवान दशांशाला उत्तम उच्च शिक्षण द्यावे, म्हणजे ते बाकीच्यांना वर घेऊन जातील. नंतर १९४८ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी आपली ही मांडणी स्वतःच तपासली. शिक्षण मिळाले की त्यागबुद्धी आपोआप येईल असे आपण गृहीत धरले होते, आणि शिकलेल्यांतील अनेकांनी स्वतःचे सुख तेवढे पाहिले, हे त्यांनी मान्य केले. ज्या श्रोत्यांसमोर ते हे बोलले ते त्या समाजातले सुखवस्तू, पदवीधर लोकच होते, हे विशेष.

मला या दोघांच्या निराशेपेक्षा तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय अधिक महत्त्वाचा वाटतो. ड्यू बॉइस यांनी व्यक्तीच्या सद्बुद्धीवरचा भार काढून तो संघटनेवर ठेवायला सांगितले. बाबासाहेबांनी नागपूरच्या धर्मांतर सोहळ्यात, १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात, प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. आपल्याकडे हा विसावा भाग नेहमी कर्तव्य म्हणून सांगितला जातो, आणि तो कर्तव्यच आहे. पण गृहपालाच्या नात्याने मला त्यात दुसरीही बाजू दिसते. अर्थशास्त्राचा एवढा मोठा विद्वान ‘सर्वस्व द्या’ असे म्हणाला नाही, त्याने एक अपूर्णांक दिला. वीस भागांतला एक भाग समाजाचा म्हटल्यावर उरलेले एकोणीस कोणाचे आहेत हेही त्यातच ठरते. ठरलेला आकडा आळशाला पळवाट ठेवत नाही आणि भिडस्ताला पुरता लुटूही देत नाही. हा अर्थ माझा आहे, बाबासाहेबांच्या तोंडी मी तो घालत नाही, पण गेल्या कित्येक वर्षांच्या अनुभवाने मी त्यावर ठाम झालो आहे.

अनुभव कोणता, तेही सांगतो. आमच्या वसतिगृहातला एक अतिशय हुशार मुलगा बँकेत अधिकारी झाला. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत त्याने बहिणीचे लग्न केले, काकांच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला, गावातल्या विहाराला फरशी बसवली आणि दोन चुलतभावांना धंद्यासाठी पैसे दिले. प्रत्येक गोष्ट योग्यच होती. एका रविवारी तो पगाराची पावती घेऊन माझ्याकडे आला. ती त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि शेजारी बोटाने एकेक आकडा मांडत गेला: वैयक्तिक कर्जाचा हप्ता, पतसंस्थेचा हप्ता, सोनेतारण. महिन्याला हातात नऊ हजार उरत होते, आणि बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली होती. ‘सर, नाही म्हणायला शिकवलंच नाही कोणी,’ असे तो म्हणाला. पुढच्या वर्षी त्याने दूरच्या राज्यात बदली मागून घेतली आणि फोन क्रमांक बदलला. आज तो गावाला जात नाही, आणि गाव त्याचे नाव गद्दारांच्या यादीत घेते. ज्यांनी काहीच दिले नाही असे लोक दूर जातातच, पण ज्यांनी गाठीला काहीच ठेवले नाही तेही जातात, आणि अशांचे जाणे जास्त कायमचे असते.

दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय तरुण नोकरदारांनी या ओढाताणीला ‘ब्लॅक टॅक्स’ असे नाव दिले आहे. शब्द कडवट आहे, पण त्यात एक खरे आहे. तुमच्या कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, तेवढाच पगार घेणाऱ्या सहकाऱ्याचे आजोबा कारकून होते, वडिलांना निवृत्तिवेतन आहे, सदनिकेची पहिली रक्कम सासऱ्यांनी दिली. तुमच्या मागे रोजंदारी करणारे वडील आहेत. पगार सारखा असला तरी त्यावरचा भार सारखा नाही, आणि ही विषमता तुम्ही निर्माण केलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन, विद्या आणि पैसा साठवू दिला नाही, त्यांच्या पहिल्या मिळवत्या माणसाकडून तीन पिढ्यांची तूट एकदम भरून निघावी ही अपेक्षा प्रेमातून येत असली तरी हिशोबात बसत नाही.

म्हणून व्यवहारात मी असे सांगतो. आई-वडिलांचा खर्च हा समाजकार्यात धरायचा नाही. तो तुमच्या घरचा खर्च आहे, आणि तो दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, मागायची वेळ न येऊ देता गेला पाहिजे. त्यांचा आरोग्यविमा उतरवला नसेल तर सदनिकेचा करार करण्याआधी तो उतरवा, कारण गावाकडच्या मोठ्या मागण्यांपैकी निम्म्याअधिक दवाखान्यातून सुरू होतात असे मी पाहत आलो आहे. नातेवाइकांना दिलेले पैसे परत येतील असे समजून देऊ नका. जे देता येईल ते मदत म्हणून द्या, ‘उसने’ हा शब्दच वापरू नका, कारण न फिटलेल्या उसनवारीने जितकी नाती तुटतात तितकी नकाराने तुटत नाहीत. समाजासाठी विसावा भाग वेगळ्या खात्यात काढून ठेवा. महिन्याला ९०,००० रुपये हातात येत असतील तर तो ४,५०० रुपये होतो. वर्षाला ५४,००० रुपये ही वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी फार मोठी रक्कम आहे आणि तुमच्या संसाराला न पेलणारी मुळीच नाही.

जयंतीच्या वर्गणीवर तुम्ही थोड्या चिडून लिहिले आहे. डीजेच्या भिंतीवर पैसे उडतात हे खरे आहे, आणि त्यावर माझेही आमच्या मंडळाशी दर वर्षी वाजते. तरीही वर्गणी द्या, पावती घ्या, आणि शक्य असेल त्या वर्षी १४ एप्रिलला स्वतः जा. पाचशे रुपये आणि तुम्ही उभ्या, हे पाच हजार रुपये ऑनलाइन पाठवण्यापेक्षा वस्तीला जास्त हवे असते. शाळेत जाणाऱ्या मुली तुमच्याकडे बघत असतात, तुमच्या साडीकडे, मोबाइलकडे आणि तुम्ही त्यांच्या आयांशी कोणत्या भाषेत बोलता त्याकडे.

याच संदर्भात अमेरिकेतील आणखी एक वाद सांगण्यासारखा आहे. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९८७ साली शिकागोच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांविषयी असे मांडले की घरांच्या बाबतीतला भेदभाव काहीसा सैल झाल्यावर शिक्षक, कारकून, परिचारिका असे स्थिर उत्पन्नाचे लोक बाहेर पडले आणि वस्तीतली चर्च, दुकाने, शाळा यांना धरून ठेवणारा थरच गेला. हे मत आपल्याकडे अर्धेच सांगितले जाते. त्यांच्या मांडणीत मूळ कारण कारखान्यांतले काम गेले हे होते. पुढे मेरी पॅटिलो यांनी त्याच शहरात राहून दाखवले की बहुतेक कृष्णवर्णीय मध्यमवर्ग फार दूर गेलेलाच नाही. तो गरीब वस्तीला लागूनच राहतो, एकाच घरात एक भाऊ नोकरीत तर दुसरा तुरुंगात असतो, आणि घराबाहेर पडले की दोघे एकाच रस्त्यावर असतात. परळ-नायगावच्या चाळींत १९८२ च्या गिरणी संपानंतर जे झाले ते आठवा. चाळीतले चार जण शिकून ठाण्या-डोंबिवलीला गेले म्हणून त्या चाळी उद्ध्वस्त झाल्या नाहीत, गिरण्यांचे भोंगे थांबले म्हणून झाल्या. तुमच्या भीमनगरातली मुले बेकार आहेत याचे कारण तुम्ही वाकडला राहता हे नाही. हे स्वतःला स्पष्टपणे सांगा आणि मावशीलाही सौम्यपणे सांगा.

आता तसबिरीचा प्रश्न. यावर मी तुम्हाला उपदेश करणार नाही, कारण घरमालकाच्या ‘पूर्ण नाव काय?’ आणि मग ‘आडनाव?’ आणि मग ‘मूळ गाव कुठलं, नॉनव्हेज खाता का?’ या प्रश्नमालिकेला तोंड मला द्यावे लागत नाही, तुम्हाला द्यावे लागते. ही भीती कल्पनेतली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव वेगळे असलेले अर्ज पाठवून पाहिले होते, आणि २००७ साली त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता स्पष्टपणे कमी दिसली. साक्षात बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्याला राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले होते, आणि ते उघड झाल्यावर लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. त्या अकरा दिवसांच्या मुक्कामाला कोणी गद्दारी म्हणेल का? लपवण्याची लाज लपवायला लावणाऱ्यांची आहे.

मात्र लपवणे किती वर्षे चालावे यावर माझे मत आहे, आणि ते तुमच्या मुलीमुळे आहे. ती सहा वर्षांची आहे असे तुम्ही लिहिले आहे. तसबीर आत का जाते हे तिने अजून विचारले नसेल, पण तिने ते पाहिलेले आहे. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या पिढीतल्या मुलांपैकी ज्यांना आपली जात शाळेच्या बसमध्ये दुसऱ्या मुलाच्या टोमण्यातून कळली, त्यांना तो धक्का फार वर्षे पुरला. ज्यांना आईने किंवा आजीने आधीच, चवदार तळ्याच्या गोष्टीसारखी अभिमानाने सांगितली होती, ती मुले चिडली, भांडली, पण खचली नाहीत. स्वतःचे घर झाल्यावर घरमालकाचा प्रश्न उरणार नाही. तसबीर पहिल्या दिवशी कोणत्या भिंतीवर लागते हे तिला बघू द्या. सोसायटीतल्या लोकांना सांगायचे की नाही, ते मग तुमचे तुम्ही ठरवा. काही जणींनी पहिल्याच १४ एप्रिलला मजल्यावर खीर वाटली, काही जणींना पाच वर्षे लागली.

‘बामणीण झालीस’ या वाक्याचा राग आला तरी ते कोण बोलते आहे हे पाहा. जो माणूस तुमच्याकडून काही मिळाले नाही म्हणून बोलतो त्याला उत्तर देण्याची गरज नाही. पण जी मावशी तुम्ही दोन तासांत निघालात म्हणून बोलते तिचे म्हणणे वेगळे आहे. तिला वाटते आहे की आपण हिच्या आयुष्यातून निसटत चाललो. तिच्या घरी एक रात्र राहिलात तर ते वाक्य पुन्हा ऐकू येणार नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, तिच्याकडे मी मुद्दाम परत येतो. वस्तीत पैशापेक्षा माहितीचा दुष्काळ मोठा आहे. कोणता अर्ज कधी भरायचा, शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो, परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, मुलाखतीला जाताना कोणती कागदपत्रे न्यायची, हे सांगणारा माणूस ज्या गल्लीत आहे त्या गल्लीतली मुले पुढे सरकतात. १९७८ साली कांशीराम आणि डी. के. खापर्डे यांनी बामसेफ ही मागासवर्गीय व अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांची संघटना उभी केली तेव्हा शिकलेल्या कर्मचाऱ्यांकडून पैशाबरोबर बुद्धी आणि वेळही मागितला होता, आणि समाजाचे ऋण फेडणे म्हणजे काय ते त्यातून बरेच स्पष्ट झाले होते.

तुमच्या भावाचा मुलगा अकरावी विज्ञानला आहे आणि भाऊ त्याच्या क्लासच्या फीसाठी मागे लागला आहे, असे तुम्ही लिहिता. फी जमेल तेवढी द्या. पण त्याच्या जातवैधता प्रमाणपत्राचे काय झाले हे भावाला आजच विचारा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करणाऱ्या किती मुलांचे अभियांत्रिकीचे प्रवेश त्या एका कागदावाचून अडलेले मी पाहिले आहेत. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा मागतात, मग आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा आणि कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल शोधत तहसील कार्यालयात खेटे सुरू होतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र आधीच असेल तर हे काम कितीतरी सोपे होते. तुम्ही त्याच्या सख्ख्या आत्या आहात, आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी काढलेले तुमचे प्रमाणपत्र पुण्यातल्या कुठल्यातरी फाइलमध्ये पडून असणार. त्याची साक्षांकित प्रत काढा, वंशावळीचे शपथपत्र करायला भावाला सांगा, आणि येत्या शनिवारी ती प्रत पोस्टाने न पाठवता स्वतः घेऊन जा.